दिग्रसची दुसरी उर्वशी

१

"सत्य कितीही खोल पुरा, ते माझ्यासमोर आपल्या पायांनी चालत येतं. आणि ज्यानं हे केलं, तो माणूस या क्षणी याच खोलीत आहे!"

सदाशिवराव गावंडे यांनी हे वाक्य उंबरठ्यावर उभं राहून, एक हात चौकटीला टेकवून उच्चारलं. खोलीत त्या वेळी एक शिलाई मशीन, कुरडयांचा चीक भरलेलं पातेलं आणि एक मांजर होतं. मांजर उठून आत गेलं. सदाशिवराव चुकीच्या घरात शिरले होते.

"काहून भाऊ, मांजरीनं काय केलं?" आतून धुरपताबाईंनी विचारलं.

"काही नाही. मुनेश्वरायचं घर कोणतं?"

"बाजूचं. निळं दार."

सदाशिवराव एसटीत तिकीट तपासनीस होते. दिग्रस-पुसद रस्त्यावरची दोन पिढ्यांची माणसं त्यांना पाहून अजूनही नकळत खिसा चाचपतात. निवृत्त झाल्यावर भर रस्त्यात बस थांबवायचा अधिकार गेला. संशय मात्र खात्यानं परत मागितला नाही, तो त्यांच्याकडेच राहिला. गल्लीत कोंबडी नाहीशी झाली, कोणी कोणाच्या नळाला मोटर लावली, असल्या प्रकरणांत ते तो वापरत. कोंबडी शेवटपर्यंत सापडली नाही, पण चार घरांची बोलाचाल बंद झाली, एवढं यश त्यांच्या नावावर जमा होतं.

निळ्या दाराआडचं प्रकरण कोंबडीपेक्षा मोठं होतं.

उर्वशी मुनेश्वर खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वय एकतीस, उंची पाच फुटांहून थोडी कमी, नाकावर जाड चष्मा. ती काय काम करते हे सांगितलं की माणसं पुन्हा विचारतात. परदेशात बरेच लोक पुस्तक वाचत नाहीत, ऐकतात. ते मोठ्यानं वाचून दाखवणारी माणसं वाचता वाचता खाकरतात, ओठ चाटतात, एखाद्याचं पोट गुरगुरतं. हे सगळं वेचून काढून टाकायचं आणि पुस्तक स्वच्छ करून द्यायचं, हे तिचं काम. बाबुलाल राठोडच्या गुरांच्या सरकी-ढेपेच्या दुकानावरची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारी भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्या होत्या. दिवसभर कापूस घेऊन जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवतात, म्हणून काम रात्री आणि झोप दिवसा.

एका परदेशी प्रकाशनानं तिला वर्षभराचं काम देऊ केलं. अट एकच होती, पैसे त्यांच्याच देशातल्या धंद्याच्या खात्यावर जातील. उर्वशीनं यवतमाळच्या सीएकडून सगळे परवाने रीतसर काढले, घरबसल्या त्या देशात छोटीशी कंपनी नोंदवली, आणि तिथल्या एका बँकेत घरबसल्याच खात्याचा अर्ज केला. काम हाताशी आलंच म्हणून साड्यांच्या दुकानातल्या दोन मुलींना नोकरी सोडायला सांगितली. त्यांनी सोडली.

आणि बँकेनं खातं अडवलं.

"काय म्हणते बँक?" सदाशिवरावांनी विचारलं.

"बँक म्हणते, काका, का मी उर्वशी नाही."

सदाशिवरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ती उर्वशीच वाटत होती. पण त्यांच्या नोकरीत असं वाटण्याला किंमत नव्हती.

"मंग उर्वशी कोण आहे?"

"तेच तं ते मले विचारून राह्यले! शुक्रवारी शेवटची व्हिडिओवरची मुलाखत आहे. तोवर खुलासा नाही झाला तं अर्ज बाद, अन् खोटं नाव लावणारी म्हणून नोंद. मंग कोणतीच बँक दारात उभी करत नाही. काम दुसऱ्याकडे जाईन. अन् त्या दोघी पोरी..." तिनं वाक्य सोडून दिलं.

कोपऱ्यात तिची आई, सत्यशीलाबाई, लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या. त्यांनी सदाशिवरावांना जयभीम केला, पाणी दिलं आणि पुन्हा कैऱ्या फोडू लागल्या. वडील डोमाजी राजूरला कोळसा खाणीत. फोनवर ते एवढंच म्हणाले होते की पोलिसात जाऊ नका, गावंडेभाऊंना सांगा, ते काही करू शकत नाहीत पण बोलत बसतात, घराला बरं वाटतं.

२

"बँकेच्या बाईनं तुले काय काय विचारलं? आठवून सांग. तिनं काय विचारलं त्यावरून तिले काय माहीत आहे ते समजते." हे वाक्य मात्र सदाशिवरावांनी बरोबर घरात उच्चारलं.

बाईचं नाव क्रिस्तीना. गोरी, शांत आणि कधीच न हसणारी.

"आधी वय विचारलं. मी म्हटलं एकतीस. ती म्हणे, पंचवीस नाही? मी म्हटलं, सहा वर्षांपूर्वी होतं. मंग म्हणे, जरा उभ्या राहा."

"उभ्या?"

"मी उभी राह्यली. ती म्हणे, पूर्ण उभ्या राहा. मी म्हटलं, बाई, माह्यात एवढंच आहे."

"पुढे?"

"मंग म्हणे, तुम्हाला चष्मा लागत नाही ना? मी चष्मा काढला अन् म्हटलं, आता मले तुम्ही बाई आहा का बुवा आहा तेही दिसत नाही. ते तिले आवडलं नाही."

"व्यवसायाचं काय विचारलं?"

"म्हणे, तुम्ही कोणताच व्यवसाय करत नाही अशी आमची माहिती आहे. अन् लगेच म्हणे, जेवणावळीचा व्यवसाय आमच्यापासून काहून लपवला?"

"कोणाची जेवणावळ?"

"माही! पन्नास माणसांचा स्वयंपाक मी एकटी करते म्हणे. बिनबोभाट."

कोपऱ्यात कैरी फोडायचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. त्यात नवल नव्हतं. उर्वशीला गॅस पेटवताना पाहिलेली माणसं त्या घरात दोनच होती आणि दोघांनीही ती घटना सारखीच सांगितली नसती.

"ही माहिती बँकेले देली कोणी?"

"विचारलं ना मी. ते गोपनीय आहे म्हणे."

सदाशिवराव उठून येरझारा घालू लागले. खोली लहान असल्यामुळे येर झाली की लगेच झार येत होती.

"म्हणजे या पत्त्यावर दुसरी एक उर्वशी आहे," ते म्हणाले. "पंचवीस वर्षाची. उंच. चष्मा नाही. धंदा नाही. पन्नास पानं उठवते. ही बाई कुठंतरी आहे, अन् बँक तिले खरी समजते." ते थांबले. "या आठवड्यात तुह्याशी कोणी वाकडं वागलं काय?"

"वाकडं नाही." उर्वशीनं आवाज खाली आणला. "गोड वागून राह्यले, काका. सगळेच. एकदम."

सदाशिवराव सावध झाले. नोकरीत त्यांना पेढा देणारा प्रवासी एकदाच भेटला होता. त्याच्याकडे तिकीट नव्हतं, पासही नव्हता, आणि सोबत बकरी होती.

३

गोडपणाचा तपशील असा. शेजारच्या धुरपताबाई, ज्या बारा महिने फक्त आपल्या नळाबद्दल बोलतात, त्या रोज सकाळी बेसन-हळद-सायीची वाटी पाठवत होत्या. चेहऱ्याला लाव, म्हणत होत्या. रुपाली, जी आधी उर्वशीबरोबर काम करायची आणि भांडून सोडून गेली, ती वर्षभरानं अचानक येऊन म्हणाली की यवतमाळला जाऊन डोळ्यात बसवायच्या काचा करून घे, चष्मा फेक. आणि बाबुलालनं जिन्याचा कठडा रंगवला होता. गेली दोन वर्षं त्या जिन्यावर तो सरकीची पोती ठेवून खोली लवकर रिकामी करा असं न बोलता सांगत आला होता.

सदाशिवराव पहिल्यांदा बाबुलालकडे गेले. बाबुलाल उंचापुरा, पांढऱ्या बनियनमधला माणूस. दुकानात ढेपेचा वास आणि एक टेबलफॅन होता, आणि तो वास फॅनपुढे बसून सगळीकडे वाटला जात होता.

"बाबुलाल, तुले ते वरची खोली पाहिजे होती ना गोदामाले?"

"पाहिजे होती. आता घाई नाही, रावसाहेब. आता थोड्या दिवसाची गोष्ट आहे."

"कोणती गोष्ट?"

तिकीट नसलेला प्रवासी तपासनीस दिसला की खिडकीबाहेर पाहतो, हा सदाशिवरावांचा आयुष्यभराचा सिद्धांत. दुकानाला खिडकी नव्हती. तरीही बाबुलालनं भिंतीकडे असं पाहिलं, की तिच्यापलीकडे कापसाची शेतं मागं पळत आहेत असं वाटावं.

"बँकेचं खातं कोणीतरी अडवलं तिचं," सदाशिवराव म्हणाले. "तिच्या नावानं कोणी दुसरीच बाई उभी केली."

"अरेरे," बाबुलाल मनापासून म्हणाला. "अन् आताच, चांगलं जमून राह्यलं तवा. तो माणूस बी चांगला होता. चहा घेतला, साखर कमी सांगितली."

"कोणता माणूस?"

बाबुलालचा चेहरा रंगवलेल्या कठड्यासारखा कोरा झाला.

"कोणता माणूस?" त्यानंच उलट विचारलं, आणि समोर कोणीही गिऱ्हाईक नसताना पाच किलो ढेप तोलायला घेतली.

४

माणूस आला होता. बाबुलालनं त्याला चहा पाजला होता. आता बोलायला तयार नव्हता. सदाशिवरावांना सगळं उलगडलं. कोणीतरी बाहेरचा माणूस, बाबुलालच्या मदतीनं, खऱ्या उर्वशीच्या कागदांवर दुसरीच बाई बसवत होता. आता ती बाई हवी होती. उंच, पंचवीसच्या आसपास, चष्मा नसलेली, आणि उर्वशीच्या कामाची खडान्‌खडा माहिती असलेली.

असली बाई दिग्रसमध्ये एकच होती, आणि ती याच गल्लीच्या टोकाला, देवळासमोर भाड्यानं राहत होती.

रुपालीनं दार उघडलं. सदाशिवरावांनी एक पाय आत ठेवला. नोकरीत हाच पाय ते बसच्या पायरीवर ठेवत, दार बंद होऊ नये म्हणून.

"दुसरी उर्वशी तूच!"

"काय?"

"उंची?"

"पाच पाच. काहून?"

"वय?"

"सव्वीस. काका, ऊन लागलं काय तुम्हाले? पाणी देऊ?"

"पन्नास माणसांचा स्वयंपाक कधीपासून करते?"

रुपाली जी हसायला लागली ती दाराला धरूनच. "एकीचा येत नाही, काका! दोन टाइमचा डबा धुरपतामावशीकडून येते. विचारा तिले. काल वरण आलं होतं, ते मी गरम करायले गेली तं पातेलं गेलं."

सदाशिवरावांनी पाय थोडा मागे घेतला. पण नोकरीतली सवय अशी की एक पुरावा गेला तर आवाज वाढवायचा. "तुमचं भांडण झालं होतं. तिचं काम तुले पाहिजे होतं. तू तिचं वाईट केलं!"

आता रुपालीचं हसू गेलं.

"भांडण झालं ते झालं. पण मी तिचं वाईट करीन? मी? मी तं उलटं त्याच्यापाशी तिची इतकी तारीफ केली, का..."

ती थांबली.

"कोणापाशी?"

"कोणापाशीच नाही."

दार बंद झालं. सदाशिवराव जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले तोवर ते पुन्हा उघडलं. रुपालीचं फक्त डोकं बाहेर आलं.

"अन् तिले म्हणा, केस मोकळे सोडत जाय. घट्ट वेणीनं कपाळ मोठं दिसते."

दार पुन्हा बंद झालं. खटका लागला.

५

धुरपताबाईंनी तर "कोणी आलं नव्हतं, कोणी काही विचारलं नाही, अन् मी काही सांगितलं नाही," ही तिन्ही उत्तरं सदाशिवरावांनी एकही प्रश्न विचारायच्या आधी देऊन टाकली.

ते बसस्थानकावर जाऊन बसले. एसटीच्या इंजिनाचा आवाज असल्याशिवाय त्यांचं डोकं चालत नसे. यवतमाळची गाडी लागली, पुसदची सुटली. सदाशिवराव विचार करत होते. या गल्लीत कोणी शिंकलं तर बाजार समितीत त्याच्या औषधाची चर्चा होते. तिथं एक अनोळखी माणूस येतो, तीन घरी बसून विचारपूस करतो, चहा घेतो, आणि कोणी एक शब्द काढत नाही. पैसे चारले असते तर एक तरी घर दुसऱ्याला किती मिळाले म्हणून बोललं असतं. धमकी दिली असती तर धुरपताबाईंनी त्याला तिथंच धुतला असता. मग गल्ली गप्प का?

आणि दुसरी गोष्ट. खोटं बोलणारा माणूस आपल्या सोयीनं खोटं बोलतो. इथं एक जण वय कमी सांगतो, दुसरा उंची वाढवतो, कोणी चष्मा काढून ठेवतो, कोणी हातात झारा देतो. ही सगळी खोटी एकाच दिशेला तोंड करून उभी होती.

पुसदच्या पुढच्या गाडीला लटकलेल्या एका पाहुण्यानं कोणाला तरी ओरडून सांगितलं, "मुलाकडच्यायले काही बोलू नका बरं!"

सदाशिवराव जागचे उठले. गाडीत इतक्या वेगानं फक्त तिकीट न काढलेला माणूस उठतो, तपासनीस चढताना दिसला की.

गुरुवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना निळ्या दाराच्या घरात जमवलं. बाबुलाल दारात, रुपाली खाटेच्या टोकाला, धुरपताबाई भिंतीला टेकून. सत्यशीलाबाई शेगडीजवळ. उर्वशी मधोमध.

"दुसरी उर्वशी सापडली," सदाशिवराव म्हणाले.

"कुठं आहे?" उर्वशी ताडकन म्हणाली.

"तुह्यातच आहे. तू लग्नाची आहे म्हणून गल्लीनं तयार केली आहे."

बाबुलालनं दारातून बाहेर पाहिलं. या वेळी पाहायला खरंच बाहेर होतं.

"आपल्याकडे स्थळाची चौकशी कशी होते?" सदाशिवराव म्हणाले. "मुलाकडचा एखादा माणूस गुपचूप गल्लीत येते. मुलगी कशी आहे, काय करते, घरचे कसे आहेत, किती वर्षांपासून राहतात, हे शेजारी विचारते. अन् ज्याले विचारलं तो मुलीच्या घरी एक शब्द काढत नाही. काहून? जमलं तं सगळ्यायनं जमवलं. मोडलं तं ज्यानं तोंड उघडलं त्यानं मोडलं. म्हणून गल्ली गप्प. अन् म्हणून सगळे गोड. बेसन कायले? रंग उजळाले. काचा कायले? चष्मा जाले. अन् पाहुणे जिन्यानं वर येतीन म्हणून कठडा रंगवला. बँकेची बाई तुले उभी कायले करून राह्यली होती? कोणीतरी तुह्यी उंची वाढवून सांगितली होती."

"पण कोणाले?" उर्वशी म्हणाली. "माह्यं स्थळ कोणी आणलंच नाही!"

"तेच तं. तो माणूस स्थळाचा नव्हताच. परदेशातल्या बँकेले दिग्रसले येता येत नाही. ते इथल्या कोणाले तरी पाठवतात, पत्ता खरा आहे का, माणूस खरा आहे का पाहाले. अन् बँकेचं नाव घ्यायचं नाही असं त्याले बजावून ठेवतात. आता त्यानं काय विचारलं असन? मुलगी कशी आहे, काय करते, किती वर्षांपासून राहतात."

धुरपताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"पंचवीस मी सांगितले," त्या पदरातून म्हणाल्या. "अन् पन्नास पानंही मीच. पण भाऊ, लोक वय वाढवून धरतात ना. म्हणून मी आधीच कमी केलं."

"चष्म्याचा नंबर नाही, स्टाईल म्हणून लावते, हे मी म्हटलं," रुपाली म्हणाली.

"मी म्हटलं माह्या खांद्याले लागते," बाबुलाल म्हणाला. सगळ्यांनी त्याच्या खांद्याकडे पाहिलं, मग उर्वशीकडे, आणि मग जमिनीकडे.

"आता तो माणूस कसा शोधायचा?" उर्वशी रडकुंडीला आली होती.

बाबुलाल खाकरला. "माह्यापाशी नंबर आहे."

"तुह्यापाशी काहून?"

"मी म्हटलं, इथं नाही जमलं तं माह्या साल्याची पोरगी आहे, आर्णीले."

६

फोन स्पीकरवर लावला. पलीकडचा पोरगा यवतमाळचा, नाव कपिल.

"तुम्ही स्थळाचे नव्हते?" बाबुलालनं विचारलं.

"नाही हो काका! मी पडताळणीचा. मले वाटलं इथले लोक लयच मोकळे आहेत. अन् तुमच्याच गल्लीत माह्यी चौकशी झाली. पगार किती, शेती किती, दारू घेता काय. एका मावशीनं तं माह्ये दात पाह्यले."

धुरपताबाई छताकडे पाहू लागल्या.

सदाशिवरावांनी फोन हातात घेतला. "तिघायनं काय सांगितलं ते कळलं. पण मुलगी कोणताच व्यवसाय करत नाही, हे यायच्यापैकी कोणीच म्हटलं नाही. बाबुलाल?"

"मी काहून म्हणीन? माही खोली आहे, भाडेकरू आहे."

"मंग ते कोणी सांगितलं?"

पलीकडे कपिलनं आवाज खाली आणला. "नाव मले सांगता येत नाही, काका. नोकरी जाईन. पण खरं सांगू? शेजाऱ्यायचं मी कच्चं धरलं होतं. कळवलं सगळं, कारण कळवाच लागते. पण अहवाल त्या एका वाक्यावर अडला. ते वाक्य ज्यानं सांगितलं, त्याच्यावर अविश्वास कोण ठेवीन?"

फोन बंद झाला. सगळे एकमेकांकडे पाहू लागले, आणि सदाशिवराव सगळ्यांकडे.

"बसमध्ये विनातिकीट माणूस सापडला ना," ते हळू आवाजात म्हणाले, "का सगळी गाडी मान वळवून पाहते. कोण आहे, कुठून बसला. एकच माणूस मान वळवत नाही. त्याचं स्वतःचं तिकीट नसते. या घरात चार-पाच दिवसांपासून सगळे सगळ्यांवर संशय घेऊन राह्यले. मी रुपालीवर घेतला. उर्वशीनं बाबुलालवर घेतला. राजूरहून डोमाजींनी माह्यावर घेतला म्हणे. एकाच माणसानं कोणावर घेतला नाही. एकाच माणसानं विचारलं नाही, का हे कोणी केलं असन."

उर्वशीनं मान वळवली.

सत्यशीलाबाई शेगडीजवळ तशाच उभ्या होत्या. हात पदराला पुसत होत्या आणि हात कोरडेच होते.

"आई?"

"तू झोपली होती," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तो दारात आला. पोरगी काय करते विचारलं. मले वाटलं, मुलाकडचा आहे." त्या पुन्हा हात पुसू लागल्या. "गल्लीतल्या बाया विचारतात ना मले, रातभर त्या खोलीत कोणाशी बोलते, भिंतीले गाद्या कायले ठोकल्या. मी काय सांगू? मले समजावून सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, काही नाही करत. घरीच राहते. शांत आहे."

"पाच दिवस झाले, आई. मी रडून राह्यली होती."

"मले माहीत नव्हतं का ते त्याच्यानंच झालं. मंग तू बँकेचं सांगितलं तवा समजलं. मंग तोंड उघडेना."

उर्वशी उठून बाहेर गेली आणि ओट्यावर बसली. रुपाली तिच्या मागे गेली. वर्षभरानं त्या दोघी पहिल्यांदा शेजारी बसल्या. आत सदाशिवरावांना आपला विजय कुठं ठेवावा हे कळेना.

शुक्रवारी सकाळी कपिल पुन्हा येऊन गेला. या वेळी गल्लीनं इतकं मन लावून खरं सांगितलं की त्याला हात जोडावे लागले. "एकतीसची आहे, पण दिसते चाळीसची," असं धुरपताबाई म्हणाल्या, म्हणजे कुठं कमी पडायला नको.

दुपारी पडद्यावर क्रिस्तीना आली. तिच्यापुढे नवा अहवाल होता. तो तिनं दोनदा वाचला असावा, कारण तिच्या कपाळावर दोन आठ्या होत्या.

"शेजाऱ्यांचं मला समजलं," ती म्हणाली. उर्वशी एकेक वाक्य मराठीत सांगत होती. "म्हणजे समजलं नाही, पण नोंद घेतली. मात्र तुम्ही व्यवसाय करत नाही, असं घरातल्या व्यक्तीनं सांगितलं होतं. ती व्यक्ती आहे का?"

उर्वशीनं हे वाक्य मराठीत केलं नाही. नुसतं आईकडे पाहिलं.

सत्यशीलाबाई येऊन पडद्यापुढे बसल्या. पाठ ताठ. आधी त्या पडद्याकडे बोलल्या, मग नकळत लेकीकडेच वळल्या.

"सांग तिले. मी खोटं बोलली. माही पोरगी एकतीस वर्षाची आहे. चष्म्याबिगर तिले मी बी दिसत नाही. स्वयंपाक येत नाही. रातभर जागते, कानाले लावून परक्या लोकायचे खाकरे ऐकते, अन् एकेक वेचून काढते. एक दिवस सकाळी आली अन् म्हणे, आई, आज एक म्हातारा वाचता वाचता मधीच थांबला, त्याचा गळा भरून आलता. तेवढं मी काढलं नाही, राहू देलं. मले तवा समजलं होतं का हे कोणाचंही काम नाही. मी कोणाले सांगितलं नाही, एवढंच. हे काम तिचं आहे. बापाचं नाही, भावाचं नाही, नवरा तं नाहीच. लिही म्हणा. ज्या देशात लिहायचं त्या देशात लिही."

उर्वशीनं भाषांतर केलं. मधे एका ठिकाणी तिला थांबावं लागलं. पलीकडे क्रिस्तीना थांबून राहिली. तिनं घाई केली नाही.

मग तिनं काहीतरी टाइप केलं आणि एकच वाक्य बोलली. पडदा काळा झाला.

"काय म्हणे?" बाबुलालनं विचारलं.

"उघडलं," उर्वशी म्हणाली. "खातं उघडलं." आणि फोन उचलून साड्यांच्या दुकानातल्या त्या दोघींना लावला. सोमवारपासून या, एवढंच ती बोलली, पण दोनदा बोलली. सत्यशीलाबाई उठून शेगडीजवळ गेल्या आणि त्यांनी कुकर चढवला. बाबुलाल उगाचच दाराला टेकून हसत राहिला.

सदाशिवराव खोलीच्या मध्यभागी आले. एक हात त्यांनी भिंतीला टेकवला. घर बरोबर होतं, माणसं सगळी हजर होती, आणि असा क्षण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आला होता.

"मंडळी," ते म्हणाले, "या प्रकरणातून मानवी स्वभावाचे जे तीन नियम सिद्ध होतात, त्यातला पहिला असा, का माणूस जेव्हा..."

"भाऊ," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "मी धुरपताकडून दही घेऊन येते. तुम्ही उभेच आहा तं कुकरच्या शिट्ट्या मोजा. तीन झाल्या का गॅस बंद करजा."